भेटीतील दुरावा
परप्रांती नोकरी करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांत 'देशी जाणे' हा एक वार्षिक विधी असतो. पुष्पक एक्स्प्रेसची तिकिटे आधीच काढून ठेवावयाची, चारबागच्या फलाटावर सामान मोजावयाचे आणि मुलांनी, तिकडे राहून गेलेल्या आपल्या सवंगड्यांची नावे घेत दिवस मोजावयाचे, हा क्रम येथील बहुतेक घरांस परिचित आहे. याच्या उलट प्रवास, म्हणजे तिकडच्या मित्राने अगर मैत्रिणीने इकडे येणे, मात्र क्वचित घडतो. गेल्या हिवाळ्यात तो आमच्या घरी घडला, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

आमची कन्या पुण्यात चौथीपर्यंत शिकली. तेथे तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती. पुढे आमची बदली झाली. पत्रे झाली, दूरध्वनी झाले, आणि चौदाव्या वर्षी ती मैत्रीण आईवडिलांसह आठ दिवस लखनौस आली. पहिल्या सायंकाळी आमची कन्या उत्साहाने म्हणाली, "आधी इमामबाडा बघून घेऊ, मग गंजला चालून घेऊ." पाहुणी खळखळून हसली. त्या हसण्यात दुष्टपणा तिळमात्र नव्हता. 'चालून घेऊ' हे मराठी नव्हे, एवढेच तिला म्हणावयाचे होते, आणि ते खरेही होते. परंतु त्या क्षणापासून आमची कन्या तिच्याशी मराठीत बोलताना वाक्य मनात जुळवून मग उच्चारू लागली, आणि तिसऱ्या दिवशी तर ती सरळ इंग्रजीत बोलू लागली. मोठ्या इमामबाड्याच्या दिवाणखान्याभोवती जी उंच गॅलरी आहे, तिच्या एका टोकाला काडी ओढली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते. वाटाड्याने दोघींना दोन टोकांस उभे केले आणि काहीतरी कुजबुजा म्हणून सांगितले. दोघींनी एकमेकींची नावे घेतली. त्यापुढे बोलण्याजोगे दोघींपाशी काही नव्हते. निरोपाच्या वेळी दोघींनी हात हलविले. रडल्या मात्र त्यांच्या आया.

मुलगी काही बोलली नाही. अशा वेळी आमच्या पिढीचा माणूस पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. या वयाच्या मुलीच्या हाती देता येईल, आणि 'भेट झाली, भांडण झाले नाही, तरी मैत्री संपली' ही गोष्ट जे तिला सांगेल, असे मराठी पुस्तक आम्ही शोधू लागलो. ते सापडले नाही. ते का सापडले नाही याचा विचार करताना जे सुचले ते येथे मांडीत आहे.

मराठी कुमारवाङ्मय दरिद्री आहे असे म्हणण्याची एक चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, सानेगुरुजींचा श्याम, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या तिघांनी मिळून तीन पिढ्या वाढविल्या. परंतु या तिघांच्याही जगात मैत्री ही गृहीत धरलेली वस्तू आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून कोठेही धडकला तरी त्याचे सोबती त्याच्यासाठी तसेच्या तसे असतात. त्याचे वय वाढत नाही, म्हणून त्याची मैत्रीही उतरत नाही. साहसकथेस हे आवश्यकच आहे. संकटात सापडलेल्या नायकाने, आपला मित्र आपल्यापासून दुरावला की काय, याची चिंता करीत बसणे परवडणारे नाही. सत्यजित राय यांच्या 'बादशाही आंगटी'तही तसेच आहे. १९६६ साली 'संदेश' मासिकातून येऊ लागलेली ही कथा आपल्या या लखनौ शहरातच घडते. फेलूदा आणि तोपशे येथे पाहुणे म्हणून येतात, भूलभुलैया पाहतात, रेसिडेन्सीत हिंडतात. औरंगजेबाची अंगठी चोरीस जाते. शहराचे वर्णन इतके चोख आहे की येथे नव्याने बदलून आलेल्या गृहस्थाने ते मार्गदर्शक म्हणून वाचावे. पण मुक्कामाने त्या दोन भावांत काही बदलले काय? काही नाही. बदलावे अशी अपेक्षाही नाही.

याहून निराळ्या जातीचे लेखन मराठीत अलीकडे झाले आहे आणि ते थोर आहे. प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास' (१९९४) पासून 'झुंबर' (२००४) पर्यंत चार पुस्तकांतून वाढत जातो. आईवडील दुसऱ्या गावी आणि हा आजी-आजोबांपाशी, सीमाभागातल्या कानडी-मराठी मिश्र वस्तीत. परप्रांतातील मराठी मुलास लंपनइतका जवळचा दुसरा नायक नाही, कारण त्याच्या बोलण्यात दोन भाषा नांदतात आणि त्याबद्दल कोणी त्याला हसत नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीत नववीचे वर्ष आहे, आणीबाणीचा काळ आहे, मुकुंद जोशीची टोळी आहे. आणि अखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते. दोन्ही ठिकाणी वियोग आहे, आणि तो हृदयास भिडतो. तथापि येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. माणूस निघून गेल्याने जो वियोग होतो तो लिहिण्यास, तुलनेने, सोपा. आगगाडी आहे, रिकामे घर आहे, अश्रू आहेत. आणि निघून गेलेला माणूस स्मृतीत होता तसाच राहतो. कठीण आहे तो पुनर्भेटीतला वियोग. येथे माणूस समोर बसलेला असतो, त्याच ताटात जेवतो, आणि तरी तो नाही हे हळूहळू कळत जाते. मराठी कुमारकथेने, आमच्या वाचनापुरते बोलावयाचे तर, या दुसऱ्या प्रकारास जवळजवळ हात घातलेला नाही.

आणि गंमत अशी की ज्या प्रांतात आपण राहतो आहोत त्याच्या भाषेत हा विषय जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी, तोही दोनदा, हाताळला गेला आहे. आम्ही प्रेमचंदांविषयी बोलत आहोत. त्यांचा लखनौशी संबंध सर्वश्रुत आहे. येथील नवलकिशोर प्रेसच्या 'माधुरी' मासिकाचे संपादन त्यांनी केले, आणि १९३६ च्या एप्रिलमध्ये प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांनी येथेच भूषविले. 'मानसरोवर'च्या पहिल्या भागात त्यांच्या दोन कथा आहेत: 'नशा' आणि 'गुल्ली-डंडा'. त्या मुलांसाठी म्हणून लिहिल्या नव्हत्या हे कबूल. पण त्याच भागातली 'ईदगाह' किंवा 'बडे भाईसाहब' जर शाळकरी मुलांच्या हाती निःशंकपणे दिली जाते, तर या दोन का देऊ नयेत?

'नशा'चे कथानक असे. प्रयागच्या वसतिगृहात दोन मित्र आहेत. ईश्वरी हा मोठ्या जमीनदाराचा मुलगा, आणि निवेदक एका गरीब कारकुनाचा. वादविवादात निवेदक जमीनदारांवर आग पाखडतो, ईश्वरी हसत हसत त्यांची बाजू घेतो, आणि दोघांच्या स्नेहात काडीचेही अंतर पडत नाही. दसऱ्याच्या सुटीत निवेदकापाशी घरी जाण्यास पैसे नसतात, म्हणून ईश्वरी त्याला आपल्या घरी येण्याचा आग्रह करतो. निघण्यापूर्वी दोघांत लहानसे संभाषण होते. तेथे जाऊन मी कोणी दुसरा होईन असे तुला वाटते काय, असे निवेदक विचारतो. होय, मला तसेच वाटते, असे ईश्वरी उत्तरतो. तुझी समजूत चुकीची आहे, असे निवेदक म्हणतो, आणि ईश्वरी त्यावर गप्प राहतो. संपूर्ण कथा या गप्प राहण्यात आहे.

मुरादाबादच्या स्थानकावर नोकरमंडळी स्वागतास येतात. हे बाबूसाहेब कोण, अशी पृच्छा होते. ईश्वरी सांगतो की हे माझे सहाध्यायी. यांच्याच पायी मी अलाहाबादेस पडून राहिलो आहे, नाहीतर केव्हाच लखनौला निघून आलो असतो. येथपर्यंत ठीक आहे. पण मित्राचे साधे कपडे सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात, तेव्हा तो पुढे सांगतो की हे महात्मा गांधींचे भक्त आहेत, खादीखेरीज अंगाला काही लावीत नाहीत, एरवी यांची रियासत लाखोंची आहे. निवेदक चकित होतो, पण खोडून काढीत नाही. एकांतात तो ईश्वरीला जाब विचारतो. या गाढवांसमोर हीच चाल हवी होती, नाहीतर ते तुझ्याशी धड बोललेही नसते, असे काहीसे उत्तर त्यास मिळते.

टीकाकार सामान्यतः या कथेचा भर पुढच्या भागावर देतात. कारकुनाचा मुलगा खोट्या रियासतीच्या कैफात कसा सापडतो, बिछाना घालण्यास उशीर झाला म्हणून नोकरावर कसा खेकसतो, दिवा आणि काड्याची पेटी समोर असूनही ईश्वरी स्वतः दिवा लावीत नाही म्हणून हाही अंधारात कसा बसून राहतो, आणि परतीच्या खच्चून भरलेल्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात पाठीवर गाठोडे घेतलेल्या एका गरिबाला कशी चपराक मारतो, हे सर्व प्रेमचंदांनी निर्दयपणे रंगविले आहे. अंधारात बसण्याचा प्रसंग तर असा आहे की, सरकारी बंगल्यात दोन वर्षे काढलेल्या कोणाही माणसाने तो वाचून खाली मान घालावी. घंटी हाताशी असली म्हणजे पाण्याचा पेला दूर वाटू लागतो.

आमचे लक्ष मात्र स्थानकावरच अडकून राहते. आमच्या मते मैत्री मोडली ती त्या चपराकीच्या वेळी नव्हे. त्या वेळी ईश्वरी इंग्रजीतून मित्राला मूर्ख म्हणतो, आणि कैफ उतरू लागतो, एवढेच. मैत्री मोडली ती मुरादाबादच्या फलाटावर, पहिल्या पाच मिनिटांत, जेव्हा यजमानास आपला मित्र आहे तसा आपल्या घरी नेता आला नाही. ईश्वरी दुष्ट नाही. त्याचे खोटे बोलणे हा एका परीने मित्राचा बचावच आहे. पण ज्याचा बचाव करावा लागतो तो बरोबरीचा कसा राहणार? वसतिगृहात दोघे समान होते ते अशामुळे की तेथे दोघांचेही घर नव्हते. घर आले आणि समानता गेली. प्रेमचंदांनी हे निवेदकाच्या तोंडून सांगितलेले नाही. तो बिचारा शेवटपर्यंत स्वतःच्याच अधःपाताचा हिशेब मांडीत राहतो. ईश्वरीस काय वाटले हे आपणांस कोणी सांगत नाही, आणि कथेची एकमेव उणीव आमच्या दृष्टीने हीच आहे.

इंग्रजीत एल. पी. हार्टले यांची 'द गो-बिटवीन' (१९५३) ही प्रौढांची कादंबरी या जागी आठवते. १९०० सालच्या उन्हाळ्यात लिओ नावाचा मुलगा शाळूसोबती मार्कसच्या वाड्यावर पाहुणा जातो. तेथेही पहिला अडसर कपड्यांचाच येतो: लिओपाशी उन्हाळ्याचा पोशाख नाही. मार्कसला गोवर निघतो, लिओ मोठ्यांच्या भानगडीत ओढला जातो, आणि मित्र कथेतून जवळजवळ गळूनच पडतो. मोठ्या माणसांच्या प्रेमकथेने मुलांची मैत्री गिळली ती गिळलीच. प्रेमचंदांनी तसे होऊ दिले नाही. त्यांनी मोजक्या पानांत दुसऱ्या कोणास घुसू दिलेले नाही.

'गुल्ली-डंडा' ही कथा या लेखाच्या वाचकांनी, म्हणजे बदलीच्या नोकरीतल्या माणसांनी, आवर्जून वाचावी. तिचा निवेदक आपल्यापैकीच एक आहे. लहानपणी तो ठाणेदाराचा मुलगा. गया नावाचा चर्मकाराचा मुलगा त्याचा विटीदांडूचा सवंगडी. डाव देण्यावरून भांडण होते, तेव्हा ठाणेदाराचा मुलगा म्हणतो की काल तुला पेरू खाऊ घातला होता तो परत कर. (मुलांच्या भांडणाचे याहून खरे वाक्य आम्ही वाचलेले नाही.) मग वडिलांची बदली होते. नवे गाव पाहावयास मिळणार या आनंदात त्या मुलास मित्र सुटल्याचे दुःख होत नाही. उलट तो त्यांच्यापुढे फुशारक्या मारतो. वीस वर्षांनी तो जिल्ह्याचा इंजिनिअर होऊन, दौऱ्यावर असता, त्याच गावाच्या डाकबंगल्यात उतरतो आणि गयाचा शोध घेतो. गया डेप्युटीसाहेबांचा मोतद्दार आहे. तो वाकून सलाम करतो.

साहेबांना विटीदांडू खेळण्याची लहर येते. मोटारीत बसून दोघे गावाबाहेर जातात, कारण गावात खेळले तर लोक जमतील. साहेब खेळात लबाड्या करतात. गया एकही लबाडी अडवीत नाही. विटी दांडूला लागल्याचा आवाज दोघांनी ऐकला असताना साहेब नाही म्हणतात, आणि गया ते मान्य करतो. साहेबांस वाटते, याचा हात आता बसला आहे. दुसऱ्या दिवशी जुन्या खेळाडूंचा सामना असतो. साहेब मोटारीत बसून पाहतात. गयाचा टोला आकाशात जातो, एका लबाडीवरून तो प्रतिपक्षाशी हमरीतुमरीवर येतो, आणि तेव्हा इंजिनिअरसाहेबांस कळते की काल तो आपल्याशी खेळत नव्हता, आपल्याला खेळवीत होता.

ही कथा वाचून झाली की एक हिशेब मनात सुरू होतो, आणि तो सुखाचा नसतो. आपण सुटीत गावी जातो तेव्हा जुने मित्र आपणांस ज्या अगत्याने जेवू घालतात, आपल्या विनोदांना हसतात, आपण जुन्या आठवणी चुकीच्या सांगितल्या तरी दुरुस्त करीत नाहीत, त्यातले किती अगत्य खरे आणि किती त्या गयाच्या जातीचे? भांडण हा बरोबरीचा पुरावा आहे असे प्रेमचंद म्हणत नाहीत. ते फक्त एका दिवशी भांडण दाखवितात आणि एका दिवशी दाखवीत नाहीत.

तथापि प्रेमचंदांशी आमचे एका बाबतीत जुळत नाही. त्यांच्या या दोन्ही कथांत दुराव्याचे कारण बाहेरून येते आणि ते बोटाने दाखविता येते: जमीन, हुद्दा, जात. आमच्या कन्येच्या बाबतीत असे काय होते? दोन्ही घरे सारख्याच मिळकतीची, सारख्याच जातीची, दोघींच्या दप्तरांची किंमतसुद्धा तीच. तरी मैत्री उरली नाही. कारणावाचून येणारा दुरावा हा मुलांच्या आयुष्यातला बहुधा पहिला असा अनुभव असतो की ज्यात कोणालाच दोष देता येत नाही, आणि प्रेमचंदांच्या लेखणीला दोष कोणाचा हे ठरविल्याशिवाय करमत नसे. त्यांच्या मोठेपणाचे ते एक अंग आहे. पण मुलांसाठी लिहिताना ते आड येते.

या जागी आर. के. नारायण अधिक उपयोगी पडतात. 'स्वामी अँड फ्रेंड्स' (१९३५) या कादंबरीतला राजम हा पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, म्हणजे पुन्हा बदलीच्या नोकरीतलाच. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी स्वामी हजर राहिला नाही, म्हणून तो अबोला धरतो. तेवढ्यात वडिलांची बदली होते. स्वामी पहाटे स्थानकावर हान्स अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक घेऊन धावतो. गाडी सुटता सुटता पुस्तक कसेबसे राजमच्या हाती पडते, तो काही बोलतो, ते ऐकू येत नाही. तो पत्र पाठवील काय, या प्रश्नाला मणी उत्तर देतो खरे, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही समजत नाही. नारायण येथे थांबतात. दोष सामन्याचा, की बदलीचा, की दोघेही वाढत होते याचा, हे ते सांगत नाहीत. स्वामी अवघा दहा वर्षांचा आहे, आणि हीदेखील निरोपाची कथा आहे, भेटीची नव्हे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण भेटीची कथा मराठीत कोणी लिहू म्हणेल तर त्याने प्रेमचंदांकडून प्रसंग घ्यावेत आणि नारायणांकडून हे थांबणे घ्यावे.

अशा कथेस आणखी एका गोष्टीची गरज लागेल: तिच्यातल्या दोन मुली दोन निरनिराळ्या मराठी बोलतील. परप्रांतातल्या मुलीचे मराठी हे विनोदासाठी वापरण्याची आपल्या नाटककारांची आणि कथाकारांची सवय जुनी आहे. रंगभूमीवर हिंदी वळणाचे मराठी आले की प्रेक्षक हसण्यास तयारच बसलेला असतो. ते मराठी बोलणारी मुलगी त्या हसण्याच्या वेळी काय करते, तिच्या जिभेवर पुढचे वाक्य कसे अडते, हे लिहिणारा लेखक बहुधा पुण्यामुंबईत जन्मास येणार नाही. तो भोपाळ, इंदूर, अलाहाबाद किंवा येथे, एखाद्या बदलीच्या घरात वाढत असेल. लखनौत १९२६ साली पं. भातखंडे यांनी संगीताचे महाविद्यालय स्थापन केले तेव्हा संगीतास प्रांत नसतो असे म्हणणे शक्य होते. कथेस असतो. तिला प्रत्येक पात्राच्या तोंडचा प्रांत ठरवावा लागतो, आणि आमच्या मुलांचा प्रांत कोणता हे आम्हांसच नीट सांगता येत नाही.

असो. मराठी पुस्तक सापडले नाही म्हणून आम्ही 'गुल्ली-डंडा' मुलीस हिंदीतूनच वाचावयास दिली. हिंदी तिला आमच्यापेक्षा बरी येते. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक परत आणून दिले. आवडली का, असे विचारता आवडली म्हणाली. मग दारात थांबून तिने विचारले, "बाबा, त्या दिवशी इंजिनिअरला खेळवून घरी गेल्यावर गयाने आपल्या मित्रांना काय सांगितलं असेल?"

ते प्रेमचंदांनी लिहिलेले नाही, असे आम्ही सांगितले.

"तेच तर लिहायला पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि दिवाळीच्या सुटीत पुण्याला जावयाचे की नाही याचे उत्तर तिने अजूनही दिलेले नाही.